सिदू कोतवालानं मागं घेतलेली दवंडी

आमच्या गावात कुणी एखादी गोष्ट लई छातीठोक सांगायला लागला, की समोरचा हमखास म्हणायचा, "का रं, सिदूनं हलगी वाजवून सांगितलंय व्हय?" एवढा त्या माणसाच्या शब्दाला वट. सिदूतात्या म्हणजे गावचे कोतवाल. तलाठ्याचे कागद तहसीलला न्यायचे, साहेब आला की चावडी उघडायची आणि दवंडी द्यायची, ही त्यांची कामं. आता रिटायर होऊन बसलेत, पण मी सांगतेय ते दहा वर्षांमागचं.

मी महेश्वरी. बेंबळीच्या पलीकडं सहा-सात किलोमीटरवर आमचं गाव, आणि रस्त्याला लागून माझं सेवा केंद्र. सातबारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, मोबाईलचं रिचार्ज, सगळं माझ्याकडं. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं. म्हणू दे.

तात्यांच्या दवंडीचा एक नेम होता. बातमी कुणाचीही असो, सगळ्या आळ्या घ्यायच्या. पाटलाचं घड्याळ हरवलं तरी तेवढीच हलगी आणि मल्लम्मा आजीची शेळी चुकली तरी तेवढीच. एकदा कुणा बड्या माणसानं सांगितलं होतं, धान्य आलंय ते वरच्या आळीतच ओरड, खालच्या वस्तीत जाऊ नको. तात्या "बरं" म्हणाले आणि सुरुवातच खालच्या वस्तीतनं केली. त्या माणसानं जाब विचारला तर म्हणाले, "हलगी माझी हाय, बातमी गावाची हाय. म्या कोण निवडणारा?"

दोन हजार पंधराचा डिसेंबर. पावसानं असा दगा दिलेला की ऐन थंडीत गावाला टँकर चालू. अशात एक जीप आली. एका मोठ्या कंपनीची माणसं, झकपक टी-शर्ट, हसतमुख. म्हणाले, इंटरनेट फुकट! आमचं सिम घाला, नेटच्या रिचार्जची कटकटच नाही. फक्त सरकार हे बंद करायला निघालंय, म्हणून या नंबरावर प्रत्येकानं एक मिस कॉल द्या. गावचे पुढारी आण्णासाहेब यांनी त्यांना शाल-नारळ दिला, फोटो काढले आणि तात्यांना म्हणाले, "सिदू, गरिबाच्या भल्याचं काम हाय. दे दवंडी."

तात्यांना ते भल्याचंच वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू! सिम माझ्याच दुकानातनं गेली, दोन दिवसांत डबा रिकामा. आणि सिदूतात्यांनी हलगीवर सांगितलंय म्हटल्यावर गाव कशाला विचार करतंय? एका दिवसात अख्ख्या गावानं मिस कॉल दिले. काही जणांनी तर दोन-दोन दिले, न जाणो पहिला पोचला नसला तर!

आमच्या गल्लीत प्रतीक्षा नावाची मुलगी. धाराशिवला कॉलेजला जायची, मोठी हुशार. तिनं टँकरच्या वेळांची एक साधीशी वेबसाइट केली होती. कुठल्या आळीला कधी पाणी, एवढंच त्यावर. तात्यांनी तिला वेळ कळवायची, तिनं ती टाकायची. जीप जाऊन आठवडा झाला असेल, तात्यांना दोन दिवस तहसीलला थांबावं लागलं. नेमकी तेव्हाच खालच्या वस्तीच्या टँकरची वेळ बदलली. तात्यांनी धाराशिवातनं प्रतीक्षाला फोन केला, तिनं लगेच नवी वेळ टाकली आणि तात्या निर्धास्त झाले. हल्ली सगळ्यांकडं नेट आहे की!

टँकर आला आणि निम्मा भरलेलाच परत गेला. खालच्या वस्तीतनं मोजून पाच बायका आल्या होत्या. बाकीच्यांनी मोबाईल उघडला होता, पण प्रतीक्षाचं पान काही उघडेना. फुकटच्या सिमवर हवामान दिसे, नोकरीच्या जाहिराती दिसत, कंपनीच्या पसंतीच्या दहा-वीस गोष्टी दिसत. प्रतीक्षाचं पान त्यात नव्हतं. आणि फुकट मिळतंय म्हटल्यावर नेटचं रिचार्ज मारणं लोकांनी तेव्हाच सोडलेलं.

तात्या परतले तेव्हा मल्लम्मा आजी रिकामी घागर घेऊन चावडीपुढं उभी. पंच्याहत्तरीची बाई. भांडली नाही, नुसती म्हणाली, "सिदू, तू सांगितलंस म्हणून नातीनं ते सिम घातलं रे." शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तात्यांचं तोंड झालं.

तसेच माझ्या दुकानात आले. प्रतीक्षाही तिथंच होती. म्हणाले, "पोरी, तुझं पान का दिसंना?"

"त्यांच्या यादीत नाही, तात्या."

"यादी कुणाची?"

"कंपनीची. त्यांच्या अटी मान्य केल्या, त्यांनी होय म्हटलं, तरच फुकटात दिसणार. नाहीतर लोकांनी पैसे भरून बघायचं."

"म्हंजी कंपनी माझ्यावानी हलगी घेऊन निघाली," तात्या सावकाश बोलायला लागले, "पर कुणाची बातमी वाजवायची आन कुणाची गिळायची, ते तिचं ती ठरवणार?"

पेपरात याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणत होते, त्यावर पानंच्या पानं भरून येत होती, मला दोन ओळींपुढं काही कळलं नव्हतं. या सातवी शिकलेल्या माणसानं एका दमात सांगून टाकलं.

मग मिस कॉलचा विषय निघाला. प्रतीक्षानं सांगितलं, दिल्लीत टेलिफोनचे नियम ठरवणारं खातं लोकांची मतं मागवतंय. वाटेल त्या वेबसाइटला वेगळा दर लावायची कंपन्यांना मुभा द्यावी का, असा सवाल आहे. आपले मिस कॉल 'हे आम्हाला पाहिजे' म्हणून दाखवायला गोळा केलेत.

तात्या उठले, परत बसले. "म्हंजी म्या गावाचं मत दिऊन टाकलं? गावाला न इचारता?"

"तुम्ही एकट्यानं नाही," मी म्हटलं, "सिम मी विकली." हे बोलताना माझी तिखट जीभ कुठं गेली होती कुणास ठाऊक.

दवंडी मागं घ्यायची, असं तात्यांनी जागच्या जागी ठरवलं. पण ते सोपं नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी एकही दवंडी मागं घेतली नव्हती. आण्णासाहेबांना कळलं तसे ते स्वतः दुकानात आले. ओरडले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "सिदू, लोक तुझ्यावर डोळं झाकून विश्वास ठेवतात. एकदा का तू म्हणलास, माझं चुकलं, की झालं. उद्या पोलिओची दवंडी दिलीस तर लोक म्हणतील, बघू, परवा फिरवतोय का. तीस वर्षांची कमाई घालवू नको."

खरं सांगते, मला त्यांचं म्हणणं पटलं. तात्यांनाही पटलं असणार, कारण सारी दुपार ते माझ्या बाकावर बसून राहिले. चहा दिला तो निवून गेला. शेवटी म्हणाले, "अक्का, माझा शब्द जाईल. लई वाईट वाटंल. पर गावाचा शब्द माझ्यामुळं दिल्लीला गेलाय, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी वाजली. "ऐका हो ऐका! मागल्या सोमवारी सिदू कोतवालानं फुकट नेटची दवंडी दिली, ती चुकीची व्हती. म्या पुरतं न समजता दिली. ती म्या मागं घेतो. ज्याला आपलं खरं मत दिल्लीला कळवायचंय, त्यानं महेश्वरी अक्काच्या दुकानी यावं!"

लोक दारात येऊन बघायला लागले. कुणी हसलं. पारावरनं एक टवाळ ओरडला, "तात्या, मागल्या साली पेन्शनची दवंडी दिली ती पण मागं घेता का?" तात्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या आळीत गेले. एकही आळी सोडली नाही. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते, त्या टवाळाला अशी झाडली की महिनाभर रिचार्जला बेंबळीला जात होता.

लोक यायला लागले. प्रतीक्षा एकेकाला दोन्ही बाजू सांगायची आणि तात्या वहीत नाव लिहून सही नाहीतर अंगठा घ्यायचे. तेवढ्यात मजुरीवर जाणारा रेवणसिद्ध आला. तो म्हणाला, "मला फुकटचंच पाहिजे. काहीच नसण्यापेक्षा दहा गोष्टी बऱ्या." मी त्याला वाटेला लावणार, तोच तात्या म्हणाले, "थांब. तुझंबी लिहितो."

"अहो तात्या! हे आपलं पत्र का त्यांचं?" माझा पाराच चढला.

"गावाचं हाय. याचं गिळलं तर माझ्यात आन कंपनीत फरक काय ऱ्हायला?"

मी गुमान वही रेवणसिद्धपुढं सरकवली. दोनशे बारा जण म्हणाले, सगळ्या वेबसाइटला एकच दर ठेवा. एक्केचाळीस म्हणाले, आम्हाला फुकटचं राहू द्या. दोन्ही आकडे तात्यांनी सारख्याच अक्षरात लिहायला लावले. वर एक ओळ घातली, आमचे आधीचे मिस कॉल धरू नयेत, ते माझ्या चुकीनं गेले. खाली आपली सही केली. लाईट येईल तसं आम्ही एकेक पान स्कॅन केलं आणि शेवटच्या तारखेच्या आत मेल गेला. जाऊन पोचला, कुणी वाचला का नाही, देव जाणे.

फेब्रुवारीत दिल्लीचा निकाल आला. वेबसाइट बघून वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. देशभरातनं लाखो लोकांनी लिहिलं होतं, त्यात आमचं एक. मी पेढे आणले. तात्यांनी एक खाल्ला, एक रेवणसिद्धला नेऊन दिला. त्याचं फुकटचं नेट गेलं होतं, त्याला वाईट वाटणारच.

पुढं मार्चात टँकरची वेळ परत बदलली. तात्या हलगी घेऊन निघाले. "ऐका हो ऐका, उद्या टँकर सहाला न्हाय, धाला येणार!" मल्लम्मा आजी माझ्या दुकानात नातीच्या फॉर्मसाठी आली होती. ती पायरीवर गेली आणि तिनं विचारलं, "नक्की का रे, सिदू?"

हलगी थांबली. तात्यांचा चेहरा मला इथनं दिसत होता, मला बघवेना.

"नक्की, मावशी," ते म्हणाले. "टँकरवाल्याशी म्या सोता बोललोय."

आजी मान हलवून घरी गेली. तात्या माझ्या बाकावर येऊन टेकले. "पैल्यांदा इचारलं, अक्का. तीस वर्सांत पैल्यांदा."

मला रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. "म्हातारी आहे हो, तिचं काय मनावर घेता," असं काहीबाही मी बोलले.

"न्हाय न्हाय. लागलं मनाला, व्हय. पर बरं झालं इचारलं. त्या सोमवारी एकानं जरी इचारलं असतं, नक्की का रं सिदू, तर म्या परत जीपवाल्याकडं गेलो असतो."

डोळे पुसून ते उठले आणि खालच्या वस्तीकडं वळले. थोड्या वेळानं तिथं हलगी थांबली. कुणीतरी काहीतरी विचारलं, तात्यांनी "नक्की" म्हणून सांगितलेलं मला इथवर ऐकू आलं, आणि मग हलगी परत सुरू झाली.