शाळा दुसऱ्या टप्प्यात

नकाशे काढणाऱ्या दीदींचे उपकार आधी सांगतो, मग बाकीचं. कोलकात्यातल्या सियालदह स्टेशनजवळच्या आमच्या ऑफिसात मी झेरॉक्स काढतो. दीदी अंबाड्यात पेन्सिल खोचतात आणि नकाशावर कुणी कप ठेवला की ओरडतात, ‘अरे, लोकांची घरं आहेत ती!’

भूकंपात पडलेली डोंगरातली गावं पुन्हा कशी वसवायची, याचा वीस वर्षांचा आराखडा चालला होता. साहेबांनी तीन गावं खाली सपाटीवर हलवली आणि शाळा टाकली दुसऱ्या टप्प्यात. माझं डोकंच फिरलं. कागदावर टप्पा लिहायला यांचं काय जातं! लहानपणी भूकंपानंतर आमचं गावही असंच हलवलं होतं. हायस्कूल दुसऱ्या टप्प्यात होतं. ते आलं तेव्हा मी बाप झालो होतो. माझी शाळा सातवीतच सुटली. प्रती ठेवता ठेवता मी हे बोलून गेलो.

साहेब म्हणाले, ‘तुम मशीन देखो.’

दीदी उठल्या, मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि साहेबांना म्हणाल्या, ‘दादा, हलवलेल्या गावात राहिलेला इथं हा एकटाच आहे. तो बोलेल, मी लिहीन.’

मी बोललो, दीदींनी लिहिलं. शाळा पहिल्या टप्प्यात आली.

ती खरंच बांधतात का, हे एक दिवस डोंगरात जाऊन बघेन आणि दीदींना येऊन सांगेन. त्यांचे उपकार मी असेच फेडणार.