बनवणाऱ्यालाबी ठाव न्हाई

दुष्काळाच्या त्या वर्षी मी वडवणीत एकटीच राहत होते. सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरी. गावोगाव फिरून उसाची पाहणी करायची. कारखान्यानं तेव्हा मोबाईलवर एक नवी सोय आणली होती. उपग्रहाचे फोटो आणि मातीतल्या ओलीचं मोजमाप घेऊन कृत्रिम बुद्धिमत्ता सांगायची, कुठल्या वावराला पाणी द्या.

तेलगावच्या वाटेवर एका मावशींचा ऊस होता, वरचा आणि खालचा अशा दोन तुकड्यांत. नवरा वारलेला, लेक लग्न होऊन जालन्याला. विहिरीत एका तुकड्यापुरतंच पाणी उरलेलं. मोबाईल म्हणाला, खालच्या तुकड्याला द्या.

"कावून?" मावशींनी विचारलं. "वरचा तर लई हिरवा हाय."

मला सांगता येईना. बांधावरूनच मी पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. ती सोय त्याच्याच हातची. तो म्हणाला, "मॅडम, त्याला शिकवलं कसं ते सांगतो. पण आत लाखो आकड्यांची उलाढाल चालते. त्यातून नेमकं हेच उत्तर का निघालं, ते मलाही नाही सांगता येत. पूर्ण कळलंय म्हणणारा मला तरी अजून भेटला नाही."

मी ते मावशींना जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजी बनवणाऱ्यालाबी ठाव न्हाई?" त्या उसाकडं बघत राहिल्या. मग उठल्या आणि पाणी खाली वळवलं.

वरचा ऊस वाळला, चारा छावणीत गेला. खालचा तगला.

ऑफिसात साहेब खूश. मी म्हणाले, "पण पाणी खालच्यालाच का द्यायला सांगितलं, ते..."

"तगला ना? मग झालं की!"

सगळे हसत चहाला गेले. मी खुर्चीतच बसून राहिले. पुढे कित्येक दिवस भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना तेच डोक्यात. खोलीवर बोलायला कुणी नव्हतं.

एका दुपारी इंजिनिअरचा आपणहून फोन आला. "खालची माती खोल असावी, ओल धरत असावी. पण हा माझा तर्क. यंत्रानं तेच धरलं असेल, असं नाही म्हणता येत." मग हळूच म्हणाला, "इकडं हे कुणी विचारतच नाही हो."

दुसऱ्या दिवशी मावशींना सांगायला गेले, तर दाराला कुलूप.

"लेक घिऊन गेली," शेजारीण म्हणाली. "काई काम हुतं का?"

"नाही, सहज आले होते," म्हणाले आणि गाडीला किक मारली.