दाताला लावलेला मणी

भांडण पत्र्याच्या पलीकडे चाललं होतं आणि थोरली अलीकडे कपडे पिळत उभी होती. तिचा नवरा जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

"आपल्याच पोरांचं भागता भागेना, त्यात ही जन्माची पाहुणी!" धाकटी जाऊ म्हणत होती.

"अगं, हात चालतात तिचे," दीर म्हणाला. "चालतात तोवर असू दे. थांबले की मग बघू."

नवराबायकोचं भांडण ते, अंधार पडेपर्यंत दोघंही विसरून हसायला लागली. थोरलीने मात्र ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

मग ती कोपऱ्यावरच्या कारखान्यात काम मागायला गेली. तिथे झग्यांवर, चपलांवर मणी चिकटवत. नक्षी बिघडली की सगळं खरवडून काढत, आणि गोंदाने माखलेल्या मण्यांची पिशवी साफ करायला थोरलीकडे घरी येई. वाळलेला गोंद म्हणजे सासूसारखा, जबरदस्ती केली की जास्तच चिकटतो. पांढरा गोंद कोमट पाण्यात फुगवायचा, की सालीसारखा सुटतो. पिवळा रबरी गोंद बोटांनी चोळायचा, त्याच्या वळ्या होतात. कडक गोंद मात्र थिनरशिवाय कुणाचं ऐकत नाही. पण थिनर फक्त काचेला. प्लास्टिकचा मणी त्यात पडला की विरघळलाच. त्याला तेल लावून सुईने कोरत बसायचं.

म्हणून आधी निवड. रंगाला एकसारखे, गोंदाने बरबटलेले, डोळ्यांना काय कळणार? थोरली मणी चिमटीत धरून अंदाज घ्यायची आणि मग पुढच्या दातांना लावायची. गार लागला तर काच, नाही तर प्लास्टिक. देवाने दात चावायला दिले, हिने ते नोकरीला लावले. दिराची पोरं तिला मणीकाकू म्हणत.

"काकू, एखादा गिळलास तर गं?"

"गिळला तर काय, म्हातारपणी पोटात खुळखुळा वाजेल. करमणूक होईल."

थिनरच्या वासाने धाकटीचं डोकं उठे, म्हणून थोरली आपल्या खोलीचं दार घट्ट लावून बसे. सगळा वास एकटीने प्यायली. आधी बोटांची कातडी फुटली, मग शेंडे बधिर झाले. एकदा हात कढत पाण्यात गेला, फोड आले, तेव्हा तिला कळलं.

"जाऊबाई, हे काय हो?"

"वाफ लागली गं जराशी."

चहाचा कप ती आता दोन्ही हातांनी धरायची. कुणी पाहिलं की म्हणायची, "ऊब घेते." पदरातली गाठ जागी होती ना! चिमटीला काही कळेनासं झालं, तशी सगळी भिस्त दातांवर आली.

त्या सकाळी थंडी होती. धाकटीने स्वतःहून चहा आणून दिला, तोही थेट खोलीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. थोरली इतकी सुखावली की वाफाळता चहा एका दमात प्यायली आणि कामाला लागली. तोंड तापलेलं. त्यात जो मणी दाताला लागेल तो गारच. सगळे काचेचे ठरले, सगळे थिनरमध्ये गेले.

दुपारी भांड्यात साबणाच्या वडीएवढा एक पांढरा गोळा होता. कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याचे मोती.

कारखान्याची मालकीण दारात येऊन नाही नाही ते बोलून गेली. मग धाकटीने थोरलीचा हात मांडीवर घेतला.

"डोळे मिटा बघू. आता सुई टोचते. कळतंय?"

"कळतंय की! हळू टोच गं."

थोरलीने डोळे उघडले. सुई अजून डबीतच होती.

दीर जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, तुमचा खोकलाही वाढलाय. इथे कोण बघणार तुमच्याकडे? काही दिवस तुमच्या भाचीकडे जाऊन राहा. मी निरोप धाडतो."

'काही दिवस' म्हणजे किती, ते थोरलीने विचारलं नाही. निरोपाच्या उत्तरात भाचीने, गाडी दुपारची आहे ना, एवढंच विचारलं. कुणी आनंद झाल्याचं सांगितलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी थोरलीने ट्रंक बांधली. धुतलेल्या मण्यांची एक पिशवी कारखान्यात द्यायची उरली होती, ती घेतली आणि चपला घातल्या. धाकटी चहा घेऊन आली. तिचे डोळे लाल होते.

"पिशवी राहू द्या ना जाऊबाई. मी पोचवीन. चहा तरी घ्या."

"आल्यावर घेते. आत्ता तोंड तापवून चालायचं नाही."

कारखान्यात तिने पिशवी ठेवली. मालकिणीने मान वर केली नाही. रोजच्या सवयीने नव्या मण्यांचा ढीग तिच्यापुढे सरकवला, आणि मग आठवण होऊन हात तसाच थांबला. थोरलीने ढिगातला एक मणी उचलला. तो निसटला. पुन्हा उचलला, दाताला लावला.

"काच," ती म्हणाली, आणि तो डावीकडे ठेवला.