ऐकू येतं का आता?

काचेच्या बंद खोलीत बसून आत्या कानावर पडलेले शब्द परत म्हणत होती. दार. पान. चूल. नव्या श्रवणयंत्राचा तिला कितपत उपयोग होतोय, हे तपासायला मी तिला घेऊन आले होते. एकही शब्द चुकला नाही.

ती बाहेर आल्यावर तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "आजी, घरात चारजण बोलत असले तर कळतं का आता?"

आत्या म्हणाली, "माझ्याशी कोणी बोलत नाही हो. इतकी वर्षं ऐकूच येत नव्हतं ना. मुलगा, सून जेवायलासुद्धा हातानेच बोलावतात. तीच सवय राहिली."

"आणि टीव्ही?"

"तो स्वच्छ ऐकू येतो."

यंत्र उत्तम चाललंय, असं बाईंनी सांगितलं. कानातली उणीव मोजता येते, थोडीफार भरूनही निघते. घरातल्यांची बोलण्याची मोडलेली सवय कोण तपासणार?

बाहेर रिक्षाची वाट बघताना आत्या माझ्याकडे वळली. "बोल की काहीतरी."

मी रिक्षा येतेय का ते बघितलं. शेवटी म्हटलं, "ऊन फार आहे आज."

"हो ना," ती म्हणाली, आणि पुढचं ऐकायला थांबून राहिली.