वहीत नसलेली पूजा

सर्व्हर चौथ्यांदा बंद पडला त्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेलं एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. आमच्या टेक्निशियनला कामावरून कमी करण्याचं पत्र. फक्त सही राहिली होती.

"शनिवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक," ते कन्नडमध्ये म्हणाले. "नाहीतर शनिवारी मी सही करणार. त्याने काहीतरी बदललं आणि तेव्हापासून हे सुरू झालं, असं तुम्हीच म्हणालात, मॅडम."

मी तसं म्हणाले होते खरी. बुधवारची दुपार होती.

यशवंतपूरला आमचं औषधांचं घाऊक गोदाम आहे. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. सर्व्हर बंद पडला की मालाच्या याद्या छापून निघत नाहीत, याद्यांशिवाय माल बाहेर पडत नाही, आणि दवाखान्यांच्या गाड्या फाटकाशी हॉर्न वाजवत राहतात. पाच-सात मिनिटांत सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू व्हायचा, पण डेटा तपासून सगळं मार्गी लागेपर्यंत तासभर जायचा. चारही वेळा हे सकाळी घडलं होतं, काम ऐन भरात असताना. सर्व्हर स्वतः घडामोडींची जी नोंद ठेवतो, तिच्यात काहीच नव्हतं. एका ओळीपर्यंत सगळं सुरळीत, पुढची ओळ थेट नव्याने सुरू झाल्याची.

टेक्निशियन निपाणीकडचे. माझ्याहून वयाने थोडे मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणते. ते मला अक्का म्हणतात. दोघांपैकी थोरलं कोण, यावरून पॅकिंगच्या बायका आमची थट्टा करतात. त्यांची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात पगार एकच. हे मला माहीत होतं. मालकांनाही होतं.

त्यांच्यावर संशय यायला कारण होतं. सर्व्हरच्या खोलीत मी एक वही बांधून ठेवली आहे. नियम माझाच: जो कशालाही हात लावेल त्याने तारीख, वेळ, काय केलं ते लिहायचं आणि सही करायची. दसऱ्याच्या सुटीनंतर पहिल्याच सकाळी अण्णांनी सर्व्हरवर एक अपडेट घातलं होतं. वहीत स्वच्छ अक्षरात नोंद होती. तिसऱ्या दिवशी सर्व्हर पहिल्यांदा बंद पडला. वहीत मधे दुसरं काही नव्हतं.

"अपडेट काढून टाकलं न्हवं मी?" पत्राचं सांगितल्यावर अण्णा म्हणाले. "काढल्यावर बी दोनदा बंद पडलं. मग माझं कसं हो?"

"मग कशामुळे?"

"ते मला कळलं असतं तर गप बसलो असतो काय, अक्का?"

गुरुवारी आम्ही सगळं पुन्हा तपासलं. मेमरी तपासली, तापमान पाहिलं. वीज गेली तर बॅटरीवर सर्व्हर चालवायला आमच्याकडे दोन यूपीएस आहेत, एक नवा, एक जुना. सर्व्हरला विजेच्या दोन वायरी असतात, एक या यूपीएसवर, एक त्या. एक बंद पडला तरी दुसरा तारून नेतो. दोन्ही वायरी घट्ट बसलेल्या होत्या, दोन्हींचे हिरवे दिवे लागलेले होते. अण्णांनी हात लावून पाहिलं, मी समोरून पाहिलं. संध्याकाळी जे. पी. नगरला घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी दुसरीकडे कुठे शब्द टाकता येईल याची यादी करायला लागले होते. याचा अर्थ मी हरले होते.

शुक्रवारी सव्वादहाला सर्व्हर पाचव्यांदा बंद पडला.

मी धावत याद्यांच्या टेबलाकडे गेले. तिथे मोठा प्रिंटर आहे आणि तो सांभाळणारी बाई कपाळाला हात लावून बसली होती. "सर्व्हर गेला की आमचा प्रिंटरही मान टाकतो," ती म्हणाली. "नवरा रुसला की सासूही जेवत नाही, तसं." ती मला देण्यासाठी एका कागदाच्या मागे अडकलेल्या गाड्यांचे नंबर लिहीत होती. मी कागद घेतला आणि सवयीने उलटून पाहिला. पुढच्या बाजूला प्रिंटरचं नाव, मॉडेल आणि चाचणीच्या रेघा.

"हा कुठून आला?"

"रोज सकाळी चालू केला की एक निघतो. आणि असं झालं की आणखी एक. फुकट जातो म्हणून लिहायला ठेवते."

मी जागेवरच थांबले. हा कागद प्रिंटर सुरू होताना निघतो. सर्व्हरची वाट पाहणारा प्रिंटर नुसता थांबतो, त्याला असा कागद काढायचं कारण नाही. म्हणजे सर्व्हर गेल्यामुळे प्रिंटर थांबत नव्हता. दोघांची वीज एकाच क्षणी जात होती. प्रिंटर जुन्या यूपीएसवर होता. पण सर्व्हर दोन्हींवर होता, मग तो कसा जाईल?

"अण्णा, टॉर्च घेऊन या."

सर्व्हरच्या कपाटामागे अंग चोरून शिरावं लागतं. मी शिरले आणि एकेक वायर बोटांत धरून शेवटपर्यंत गेले. पहिली जुन्या यूपीएसच्या बोर्डात. दुसरीही जुन्या यूपीएसच्याच बोर्डात. शेजारीच नव्या यूपीएसचा बोर्ड होता आणि त्यातलं एक भोक रिकामं होतं. त्याच्या बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

घरी आम्ही खंडेनवमी म्हणतो, गोदामात आयुधपूजा. त्या दिवशी गोदामातल्या प्रत्येक यंत्राला फूल आणि कुंकू लागतं, सर्व्हरलाही. यंदा भटजी उशिरा आले. साडेदहाला राहुकाळ लागणार, त्याआधी आरती व्हायला हवी, म्हणून मालक घड्याळ दाखवत होते. दिव्यांच्या माळेची वायर आखूड होती आणि ती पोचेल त्या बोर्डात जागा नव्हती. तेव्हा मीच सर्व्हरची एक वायर काढली, तिथे माळ लावली आणि सर्व्हर एकाच वायरीवर राहू नये म्हणून काढलेली वायर लगेच शेजारच्या रिकाम्या भोकात घातली. एका हातात आरतीचं ताट होतं. शेजारचा बोर्ड कुठल्या यूपीएसचा, ते मी पाहिलं नाही. नंतर कोणीतरी माळ काढून नेली.

तेव्हापासून सर्व्हरचा सगळा भार जुन्या यूपीएसवर होता. त्यात मोठा प्रिंटर तापताना एकदम जास्त वीज ओढायचा, तेव्हा कधीतरी तो भार त्याला पेलत नव्हता. क्षणभर वीज तुटायची आणि परत यायची.

हे मी कपाटामागूनच अण्णांना सांगितलं. मी बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, "खरं आधी सिद्ध करूया. न्हाईतर मालक म्हणतील, अक्का मला वाचवायल्यात."

दुपारी गाड्या गेल्यावर अण्णांनी सगळं काम नीट बंद करून सर्व्हर नुसता चालू ठेवला. मी मालकांना बोलावून आणलं. प्रिंटर थंड असताना त्यावर मोठी यादी पाठवली. काही झालं नाही. मालक माझ्याकडे बघायला लागले. प्रिंटर निवू दिला, पुन्हा पाठवली. काही नाही. अण्णा रुमालाने मान पुसत होते. तिसऱ्या वेळी जुन्या यूपीएसने एकदा चिरका आवाज काढला आणि सर्व्हरचे सगळे दिवे गेले.

मी वायर नव्या यूपीएसवर नेली. त्यानंतर आठ वेळा छापून पाहिलं. प्रिंटर दोनदा मेला. सर्व्हर हलला नाही.

"वायर कोणी बदलली होती?" मालकांनी विचारलं.

"मी. पूजेच्या वेळी."

ते हसले. "देवाचं काम होतं, मॅडम. त्यात चूक कसली?"

तासाभरापूर्वीपर्यंत हीच चूक एका माणसाच्या नोकरीएवढी होती. मी म्हटलं, "चूक माझी आहे आणि ते पत्र आत्ता फाडा. त्यांच्यासमोर." मालकांना ते आवडलं नाही, पण फाडलं.

मग मी वही उघडली आणि पूजेच्या तारखेची नोंद लिहिली, तीन आठवडे उशिरा, सही करून. अण्णा पाहत होते.

"पहिल्या दिवशी तुमी मला विचारलासा, 'अण्णा, काय केलंत?' म्हणून," ते म्हणाले. "कुणी केलं, असं न्हाई विचारलासा."

"हो," मी म्हटलं. काही दिवस ते मला अक्काऐवजी मॅडम म्हणत होते. मी तेही चालवून घेतलं.

पुढच्या खंडेनवमीला भटजी वेळेवर आले होते. मी माळ हातात घेऊन बोर्डाकडे वळले तर वाटेत अण्णा उभे, एका हातात वही आणि दुसऱ्यात पेन.

"कुठली वायर काढणार, अक्का? आधी लिवा, मग आरती."

मी लिहिलं.