समुद्राचं खातं आणि वस्तीचा नळ

वकिलीतून थेट दिल्लीत कशा गेलात, असं मला अजून विचारतात. लोकांना वाटतं, बाईची जीभ चांगली. अहो, जिभेपायी तर मी पडायचीच बाकी होते!

शहराच्या जुन्या भागात, शहागंजात माझं छोटंसं ऑफिस होतं. शहर चहूकडं पसरत होतं, शेतांचे प्लॉट पडत होते आणि त्या जमिनींचे दावे बरेचसे माझ्याकडं. त्यामुळं गावोगावी ओळख. पक्षाला लोकसभेसाठी बाई हवी होती, मी सापडले.

वर्ष दुष्काळाचं. शहराबाहेरच्या एका नव्या वस्तीत माझी पहिली सभा. एक बाई उठली.

"आठ दिस झाले, टँकर नाय आला."

मला कोर्टाची सवय. म्हणलं, "शेवटचा कधी आला होता?"

"मंगळवारी."

"आज वार कोणता?"

"सोमवार."

"म्हणजे सहाच दिवस झाले ना?"

मी अशी खूश, जणू जजसाहेबांनी मान डोलावली. माझे म्हातारे मुन्शी मागं बसले होते, ते कानाशी पुटपुटले, "बाईसाब, गवाह तो तोड दिये आप. वोट भी टूटे."

तेवढ्यात ती बाई म्हणाली, "सहा तर सहा. सहा दिसांचं पाणी द्या मग."

अख्खी वस्ती हसली.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला तिच्या घरी गेले, तर तिनं हातात घागरच दिली. टँकर आला, झुंबड उडाली. मी आपली ओरडतेय, "रांगेनं या, रांगेनं!" कोण ऐकतंय? घागर निम्मी भरली, साडी मात्र पूर्ण भिजली.

ती म्हणाली, "लई शिकलाव, पण धक्का मारता येत नाय तुम्हाला."

राजकारणाबद्दल इतकं खरं मला पुढं कुणी सांगितलं नाही.

निवडून आले. कशी ते विचारू नका, समोरचा माझ्याहून बोलका होता. पुढं राज्यमंत्रीही झाले. खातं कोणतं? बंदरांचं! मराठवाड्याच्या बाईकडं सगळा समुद्र. आमच्या शहरात, गुलमंडीच्या चौकात सत्कार झाला, तिथं हार घालायला तीच बाई पुढं आली.

"आमच्या नळाचं काय झालं?"

"ते खातं दुसऱ्यांकडं आहे हो."

"ते कुठं बसतात?"

"माझ्याच वरच्या मजल्यावर."

"मग जिना मोडलाय का?"

गेले वर. स्वतः मंत्री, पण अर्जदारासारखी बाकावर बसले. एकदा नाही, कितीतरी वेळा. तिसऱ्या उन्हाळ्यात वस्तीत नळ आले. त्यानंतरच्या निवडणुकीत मी पडले, आणि त्याच वस्तीत सपाटून.

राहवेना. तिच्या दारात जाऊन विचारलं, "का हो बाई, असं का केलंत?"

तिनं नळाखालचा हंडा सरकवला. "राग नका धरू, ताई. टँकरमागं पळायचं थांबलं. मग आम्ही सगळ्या जणी निवांत बसलो अन् इचार केला."

तिनं चहा ठेवला, मी बसले.