रेल्वेला अर्पण केलेलं घर

जर्मनीत एर्लांगेनजवळच्या एका गावातलं बंद पडलेलं स्टेशन आम्ही विकत घेतलं, तेव्हा तिथले रूळ कधीच उखडून नेलेले होते. त्यांच्या जागी बर्चची झाडं वाढली होती. आत ओटा घालायचा आणि भारतातून आलेल्या सासूबाई परत जायच्या आत तिथे पहिला स्वयंपाक करायचा, एवढंच बायकोच्या मनात होतं.

परवानगीसाठी मी राटहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत गेलो. बांधकाम खात्यातले गृहस्थ म्हणाले, "जागेवर अजून रेल्वेची विडमुंग आहे, म्हणजे कागदोपत्री ते अजून स्टेशनच. ती उठेपर्यंत तिथे राहता येणार नाही." विडमुंग हा शब्द मी जर्मनच्या वर्गात पुस्तकाच्या पहिल्या पानावरून शिकलो होतो: अर्पण. घरी येऊन मी तेच सांगितलं, जागा रेल्वेला अर्पण केलेली आहे.

सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. "अहो, देवाला दाखवलेला नैवेद्यसुद्धा आपल्याच ताटात परत येतो. ही रेल्वे देवाच्याही वरची का?"

पुढच्याच आठवड्यात घरपट्टी आली. रुळांच्या जागेला इथे कर माफ असतो, पण त्या कागदावर आमचं स्टेशन 'राहतं घर' होतं. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. नगरपालिका म्हटलं की अजूनही मनातल्या मनात हात जोडतो. म्हणून सरळ कर खात्यात गेलो. वाटलं, कुणाला तरी लाज वाटेल.

"वरच्या मजल्यावर बांधकाम खात्याकडे हे स्टेशन आहे," मी म्हणालो, "आणि तुमच्याकडे घर."

"गेनाऊ," तिथल्या बाई म्हणाल्या. म्हणजे अगदी बरोबर. "मूल्यांकन फिनान्झआम्ट, म्हणजे सरकारी कर कार्यालय करतं, आम्ही फक्त पट्टी लावतो. वरचे आम्हाला काही कळवत नाहीत."

दोन खात्यांमध्ये एक जिना होता, चांगला रुंद, कठड्याला पॉलिश केलेला. त्यावरून एक कागद खाली उतरत नव्हता. आमच्या तालुक्यातले कारकून निदान चहाच्या टपरीवर तरी एकमेकांना भेटतात. इथे प्रत्येकाचा थर्मास वेगळा.

विडमुंग काही उठली नाही. जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी कॅम्पिंगचा छोटा स्टोव्ह पिशवीत घातला आणि आम्हाला तिथे घेऊन गेल्या. मी कुलूप काढायला लागलो.

"आत नको," म्हणत त्या फलाटावरच बसल्या आणि पातेल्यात आलं ठेचून टाकलं. "स्टेशन आहे ना? मग फलाटावर चहा करायला कुणाला विचारायचं?"

मी हसलो. बायको कप घेऊन, जिथे ओटा यायचा होता तिथल्या खिडकीतून आत बघत उभी राहिली.